वॉरगेममध्ये सैनिकाचं मन मांडताना या चुका टाळा

वॉरगेम म्हणजे टेबलावर फासे टाकून खेळायची लढाई. तिचे स्वतःचे नियम लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक नवखा एकच आकडा घेऊन येतो: दुसऱ्या महायुद्धात चारांतला एकच सैनिक गोळी झाडायचा. हा आकडा अमेरिकन लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांच्या १९४७ च्या पुस्तकातला. त्यांनी अमेरिकन पायदळाबद्दल १५ ते २५ टक्के म्हटलं होतं. पण त्यांच्या वह्यांत अशी मोजणी केल्याची खूणच सापडत नाही, हे इतिहासकार रॉजर स्पिलर यांनी १९८८ मध्ये दाखवलं. तरी लोक तो आकडा थेट फाशांवर आणतात.

आमच्याकडे एका तरुण मित्राने नॉर्मंडीचा (१९४४ ची फ्रान्समधली लढाई) डाव असाच मांडला. प्रत्येक सैनिकामागे चार बाजूंचा फासा, एक पडला तरच गोळी. तीन तास गेले आणि कुंपणाआडचे जर्मन जागचे हललेही नाहीत. त्याला वाटलं, फासे वाईट पडले. खरी चूक दुहेरी मोजणीची होती. फाशावरून किती जण पडले ते सांगणारा, त्याने वापरलेला गोळीबाराचा तक्ता खऱ्या लढायांतल्या हानीवरून बसवलेला होता. न झाडलेल्या आणि मुद्दाम उंच मारलेल्या गोळ्या त्यात आधीच वजा होत्या. त्याने त्या पुन्हा वजा केल्या. मी नवा नियम घालण्याआधी तोच डाव त्या नियमाशिवाय दोनदा खेळतो. नवख्यांना एवढा धीर नसतो, आणि सगळं तिथेच फसतं.

दुसरी चूक, सगळ्यांना एकच फासा. मशिनगनवर दोघे-तिघे एकमेकांच्या नजरेसमोर असतात, म्हणून ती चालू राहते. हे मार्शल यांनीही लिहिलंय. एकटा रायफलवाला गप्प बसतो. मी अंतर आणि जवळचा तुकडीप्रमुख, एवढंच मोजतो.

गप्प बसलेला प्रत्येक जण मारायला कचरतोय असंही समजू नका. बहुतेकदा त्याला शत्रू दिसतच नसतो, किंवा डोकं वर काढता येत नसतं. अमेरिकन यादवी युद्धात गेटिसबर्गला १८६३ मध्ये हजारो बंदुका एकावर एक बार भरलेल्या, म्हणजे न झाडताच पुन्हा भरलेल्या, सापडल्या. गोंधळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज हेही त्याचं कारण असू शकतं.

आणि पाठलाग विसरू नका. जुन्या लढायांत खरी कत्तल पळणाऱ्यांची व्हायची, हे आर्दां द्यु पिक या फ्रेंच अधिकाऱ्याने १८७० च्या आधीच ओळखलं होतं. पाठमोऱ्या तुकडीवर वार करायला माझ्या टेबलावर धैर्याचा फासा टाकावाच लागत नाही.