सहा जागा आणि नाबी हिलचं घड्याळ: स्वस्तातली टांझानिया सफारी कशी ठरवावी

आफ्रिकेतल्या सफारीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "आधी काही ठरवू नका. टांझानियातल्या आरुशा शहरात उतरा, सफारीवाल्यांची चार ऑफिसं फिरा आणि घासाघीस करा." मी अनेक गट घेऊन उत्तर टांझानियात गेले आहे आणि या सल्ल्यापायी लोकांचे पैसे आणि दिवस दोन्ही वाया गेलेले पाहिले आहेत. बजेट सफारीच्या खर्चातला निम्म्याच्या आसपास भाग उद्यानात शिरण्याच्या आणि तंबू टाकण्याच्या सरकारी शुल्काचा असतो. त्यातला एक डॉलरही आरुशातला कोणी कमी करू शकत नाही. मग तुम्ही भाव पाडलात की सफारी चालवणारा ऑपरेटर कात्री लावतो ती टायरला, डिझेलला, जेवणाला आणि ड्रायव्हरच्या पगाराला. खरी बचत दोनच ठिकाणी होते: गाडीतल्या सगळ्या जागा भरल्या तर, आणि कोटेशन नीट वाचलं तर.

कधी आणि कुठे

हे पटकन ठरवा. फेब्रुवारीत हरणवर्गातल्या विल्डबीस्टची वासरं जन्मतात. तेव्हा सगळा कळप सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला न्दुतूच्या मैदानात असतो. जून ते ऑक्टोबर कोरडे महिने. गवत कमी आणि प्राणी पाण्याजवळ, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हेच बरे. एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ. १५ मार्च ते १५ मे सेरेंगेटीचं शुल्क थोडं कमी असतं, पण चिखलात गाडी अडकली की वाचवलेले दहा डॉलर विसरायला होतात.

कमी बजेटमध्ये मारा नदी ओलांडणारे कळप बघायचा हट्ट धरू नका. ती जागा सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला आहे. तिथे जाण्या-येण्यात दोन दिवस जातात आणि कळप कधी उडी घेईल याचा नेम नसतो. मध्यभागी सेरोनेराला सिंह आणि बिबटे वर्षभर दिसतात, तेवढं पहिल्या खेपेला पुष्कळ आहे. केनियाच्या बाजूने मसाई मारा करायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: तिथलं शुल्क जानेवारी ते जून माणशी रोज १०० डॉलर आहे आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. स्वस्त गटाचं गणित तिथेच कोलमडतं.

आणि एका रात्रीचं सेरेंगेटी घेऊ नका. आरुशा ते सेरोनेरा सव्वातीनशे किलोमीटर, त्यातला शेवटचा मोठा टप्पा हाडं खिळखिळी करणाऱ्या कच्च्या रस्त्याचा. दिवस कमी असतील तर तारांगिरे आणि मन्यारा ही उद्यानं आणि न्गोरोंगोरो क्रेटर (जुन्या ज्वालामुखीचं मोठं विवर) असे तीन दिवस निवांत करा. पैसे निम्मे लागतात आणि हत्ती, सिंह, म्हशी, पाणघोडे सगळे भेटतात.

माणसं किती

सहा. पाच चालतील, सात नकोत.

सफारीची लांब केलेली लँड क्रूझर सहा-सात जागांची असते. सातवी जागा ड्रायव्हरशेजारची. तिथे बसणाऱ्याला उघड्या छपरातून उभं राहून बघता येत नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्या जागेवरून गटात कुरबुरी सुरू होतात. आठ जण झाले तर दुसरी गाडी घ्यावी लागते आणि प्रत्येकाचा खर्च एकदम वाढतो. म्हणून सहा किंवा थेट बारा. दोघंच असाल तर ऑपरेटरला सरळ विचारा की तुमच्या तारखांना कोणाच्या गाडीत जागा आहे का. अशा जोडगटाच्या सफारी तिथे नेहमी निघतात. मात्र गाडीत जास्तीत जास्त किती जण असतील हे लेखी घ्या.

नावं पक्की धरण्याआधी प्रत्येकाकडून आगाऊ रक्कम घ्या. "मी नक्की येतोय" असं तोंडी म्हणणाऱ्याला मोजू नका. ऐन वेळी एक माणूस गळाला तर बाकी पाच जणांना त्याच्या जागेचे पैसे भरावे लागतात.

कोटेशन वाचणं: सगळा घोळ इथे होतो

मी पहिल्या खेपेला इथेच फसले, म्हणून सविस्तर सांगते.

कोटेशन येतं ते एका आकड्याचं: पाच दिवस, माणशी इतके डॉलर, "पार्क शुल्कासहित". तीन-चार ऑपरेटरांचे आकडे शेजारी मांडून सर्वांत लहान आकडा निवडायचा, अशी बहुतेकांची पद्धत. असं करू नका. आधी स्वतः कागद-पेन घेऊन सरकारी शुल्काची बेरीज करा. त्या बेरजेखाली सफारी निघूच शकत नाही.

पाच दिवस-चार रात्रींचा नेहमीचा मार्ग घेऊ. पहिल्या दिवशी तारांगिरे, मुक्काम बाहेर करातू गावात. दुसऱ्या दिवशी न्गोरोंगोरो ओलांडून सेरेंगेटी, तिथे दोन रात्री. चौथ्या दिवशी परत फिरून क्रेटरच्या काठावर सिंबा कॅम्पमध्ये तंबू. पाचव्या दिवशी क्रेटरमध्ये उतरून आरुशा. आता शुल्कं, १८ टक्के व्हॅट धरून, परदेशी प्रौढ माणसाची: तारांगिरे ५९ डॉलर. सेरेंगेटीचे चोवीस तास ८२.६०, दोनदा म्हणजे १६५.२०. सेरेंगेटीत सार्वजनिक जागी तंबू टाकायचे रात्रीला ३५.४०, दोन रात्रींचे ७०.८०. सिंबा कॅम्पचे ३५.४०.

राहिलं न्गोरोंगोरो, आणि लोक चुकतात ते इथेच. आरुशाहून सेरेंगेटीला जाणारा रस्ता न्गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्रातून जातो, म्हणून नुसतं ओलांडायलाही ७०.८० डॉलर पडतात. येताना क्रेटरसाठी पुन्हा शिरता, तेव्हा पुन्हा ७०.८०. एकूण झाले माणशी ४७२. याशिवाय क्रेटरमध्ये उतरायचं गाडीमागे २९५ डॉलरचं वेगळं शुल्क आहे. सहा जणांत ते माणशी ४९ पडतं, दोघांत जवळजवळ दीडशे. म्हणजे सहा जणांच्या गटाला माणशी ५२१ डॉलर फक्त सरकारला जातात. गाडी, डिझेल आणि ड्रायव्हर मिळून दिवसाला २०० ते २५० डॉलर धरा, त्यावर स्वयंपाकी, जेवण, तंबू आणि करातूचा मुक्काम. अशी सफारी माणशी साडेआठशे-नऊशेच्या आत प्रामाणिकपणे बसत नाही. कोणी साडेसहाशेत करून देतो म्हणाला तर काहीतरी वगळलेलं आहे, आणि ते तुम्हाला तिथे गेल्यावर कळणार.

टांझानियाचं सरकारी वर्ष जुलैत सुरू होतं आणि शुल्कं बहुधा तेव्हाच बदलतात. त्यामुळे बेरीज करताना राष्ट्रीय उद्यानांच्या आणि न्गोरोंगोरो प्राधिकरणाच्या ताज्या दरपत्रकातले आकडे घ्या, माझे नमुन्यादाखल समजा. पाच वर्षांखालच्या मुलांना शुल्क नसतं आणि पाच ते पंधरा वयाच्या मुलांचं बरंच कमी असतं. त्यांचे आकडे वेगळे मांडायला सांगा.

आता घड्याळाची गोष्ट. ही शुल्कं तारखेवर मोजत नाहीत, चोवीस तासांवर मोजतात. सेरेंगेटीत तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला शिरलात, तर दोन दिवसांची मुदत चौथ्या दिवशी दुपारी बाराला संपते. माझ्या पहिल्या गटाच्या कार्यक्रमात चौथ्या दिवशी "सकाळची गेम ड्राइव्ह (म्हणजे गाडीतून प्राणी बघणं), जेवण, मग क्रेटरकडे प्रस्थान" असं लिहिलं होतं. आम्ही शिरलो होतो सकाळी पावणेबाराला. चौथ्या दिवशी एका चित्तिणीसमोर थांबलो. तीन पिल्लं होती, उंच गवतातून त्यांचे कानच तेवढे दिसत होते. कोणालाच निघवेना. ड्रायव्हर दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाला, "चला." आम्ही म्हटलं, "पाच मिनिटं." नाबी हिल या सेरेंगेटीच्या फाटकावर पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. काउंटरवरच्या माणसाने परवान्यावरची वेळ बोटाने दाखवली आणि आणखी एका दिवसाचं शुल्क मागितलं. आजच्या दराने सहा जणांचे जवळजवळ ४९६ डॉलर होतात. त्यात त्या माणसाची काही चूक नव्हती. नियम तसाच आहे. चूक कार्यक्रम आखणाऱ्या ऑपरेटरची होती, आणि मी त्याला विचारलं नव्हतं, म्हणून माझीही. बाहेर दगडी टेकडीच्या पायथ्याशी निळ्या-केशरी साळुंक्या जेवणाच्या टेबलांवर उड्या मारत होत्या आणि आम्ही सगळ्यांच्या पाकिटांतून डॉलर गोळा करत होतो.

म्हणून प्रत्येक ऑपरेटरला हे प्रश्न लेखी विचारा. सेरेंगेटीत किती वाजता शिरणार आणि किती वाजता बाहेर पडणार? न्गोरोंगोरोचं शुल्क दोनदा धरलंय का? क्रेटरचं गाडीचं शुल्क आहे का? व्हॅट धरलाय का? तंबू सार्वजनिक कॅम्पमध्ये, म्हणजे उद्यानाच्या आत, की फाटकाबाहेर? बाहेरचा मुक्काम स्वस्त दिसतो, पण पहाटेचे दोन सर्वोत्तम तास रस्त्यात जातात. मुदत आमच्या चुकीशिवाय ओलांडली, उदाहरणार्थ गाडी बिघडली, तर शुल्क कोण भरणार? प्यायचं पाणी किती? शाकाहारी जेवण स्वयंपाकी करील का?

नीट ऑपरेटर या सगळ्याची उत्तरं आकड्यांसह एका दिवसात पाठवतो. "हाकुना मताता (काळजी नको), सगळं धरलंय" असं उत्तर आलं की तिथेच थांबा.

उशिरा शिरण्यात फायदाही असतो. शक्य असेल तर नाबी हिलला दुपारी एक-दीडच्या पुढे शिरा, म्हणजे चौथ्या दिवशीची अख्खी सकाळ तुमची. मात्र मग न्गोरोंगोरोत दुपारी शिराल, तेव्हा तिथले चोवीस तास पाचव्या दिवशी क्रेटरमधून वर येईपर्यंत पुरतात ना, हेही मांडून बघा. पहाटे सहाला फाटक उघडताच उतरलात तर पुरतात. गर्दीही तेव्हा कमी असते.

पैसे पाठवण्याआधी

टांझानियात सफारी चालवायला पर्यटन परवाना लागतो, त्याला तिथे 'ताला' म्हणतात. चालू वर्षाच्या परवान्याची प्रत मागा. ऑपरेटर संघटनेच्या म्हणजे 'टाटो'च्या सदस्य-यादीत नाव आहे का तेही बघा. आगाऊ रक्कम वीस-तीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि ती कंपनीच्या नावाच्या खात्यातच पाठवा. व्यक्तीच्या नावावर पैसे मागितले की व्यवहार सोडून द्या, माणूस कितीही गोड बोलत असला तरी. उरलेली रक्कम आरुशात, गाडी डोळ्यांनी बघून मग द्या.

बाकीची तयारी

व्हिसा ऑनलाइन काढा. पिवळ्या तापाचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या देशातून येत असाल, किंवा अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबणार असाल, तर लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा आदल्या आठवड्यावर ढकलू नका. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या.

कडक सूटकेस नको, मऊ पिशवी न्या. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यांच्याकडेच येतात. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर २०१९ पासून बंदी आहे. सिंबा कॅम्प समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे. जून-जुलैत तिथे रात्री दात वाजतात. जाड स्वेटर आणि टोपी प्रत्येकाकडे हवीच, आणि झोपायच्या पिशव्या ऑपरेटर देणार की नाही ते आधी विचारा. दुर्बीण दोघांत एक तरी हवी. डॉलरच्या नोटा २००६ नंतरच्या आणि न फाटलेल्या घ्या, जुन्या कोणी घेत नाही.

पहिल्या सकाळी

आरुशातून हलण्याआधी दहा मिनिटं गाडीला द्या. छप्पर पूर्ण उघडतं का, खिडक्या सरकतात का, जादा टायर दोन आहेत का, रेडिओ चालू आहे का. ड्रायव्हर एकमेकांना रेडिओवर प्राणी कुठे आहेत ते सांगतात, त्याशिवाय तुम्ही अर्धं मुकाल. मग ड्रायव्हरसोबत नकाशा उघडून प्रत्येक फाटकाची शिरायची आणि निघायची वेळ ठरवा. फाटकावर परवाना हातात आला की त्यावरच्या वेळेचा फोटो काढा आणि गटातल्या सगळ्यांना पाठवा, म्हणजे चित्त्यासमोर "पाच मिनिटं" म्हणण्याआधी प्रत्येकाला हिशेब माहीत असेल.

टिपचे पैसे पहिल्याच दिवशी गोळा करून ठेवा. बजेट गटात साधारणपणे ड्रायव्हर-गाईडला गाडीमागे दिवसाला वीस-पंचवीस डॉलर आणि स्वयंपाक्याला दहा-पंधरा देतात. दोघांची पाकिटं वेगळी करा आणि प्रत्येकाच्या हातात स्वतः द्या. स्वयंपाकी बहुतेक वेळा सामानाच्या गडबडीत मागे राहतो. पहाटे पाचला अंधारात तुमच्यासाठी चहा ठेवणारा तोच असतो, तेव्हा त्याला शोधून द्या.