जुन्या गोव्यासाठी पूर्ण दिवस काढताना

गोवा दर्शनाच्या बसमध्ये बसलात तर जुन्या गोव्याच्या वाट्याला तास-दीड तास येतो. बॉम जेझूसमध्ये रांगेतून पुढे सरकायचं, समोर सी कॅथेड्रलमध्ये एक चक्कर मारायची, हिरवळीवर फोटो काढायचे आणि मंगेशीच्या वाटेला लागायचं. एवढ्या वेळात दोन मोठी चर्च बघून होतात, पण शहर बघायचं राहून जातं. मांडवीच्या काठची ही जागा पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साऱ्या सत्तेची राजधानी होती. मोझांबिकपासून मकावपर्यंत इथल्या विजरईचा, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या प्रतिनिधीचा, हुकूम चालत असे. आज चर्चांच्या मधे जी मोकळी हिरवळ दिसते तिथे बाजारपेठा होत्या, घरं होती, गल्ल्या होत्या. ते उठून गेलेलं शहर नजरेसमोर आणायचं असेल तर आधी थोडी तयारी हवी.

पहिली तयारी वार ठरवण्याची. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेव्हा शुक्रवार टाळा. रविवारी सकाळी मिसा, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थना, चालू असतात आणि भाविकांची गर्दी असते. ज्यांना फक्त वास्तू पाहायची आहे त्यांनी त्या वेळी मधे येऊ नये, हे माझं स्पष्ट मत. मंगळवार, बुधवार, गुरुवार यांतला एखादा दिवस घ्या. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण असतो, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना नावाच्या खास प्रार्थना चालतात. त्या दिवसांत सगळा गोवा इथे लोटतो आणि मोठी फेरी, म्हणजे जत्रा भरते. खाज्याच्या राशी, चणे, कपडे, खेळणी असं सगळं तिथे मिळतं. फेरी अनुभवायला जरूर जा, पण वास्तू निवांत बघायला दुसरा दिवस ठेवा. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ चढतं, अवशेष हिरवेगार होऊन फार सुंदर दिसतात आणि गर्दीही नसते. फक्त पायात घट्ट पकडीचे बूट हवेत.

दुसरी तयारी चार सनांची. एवढे पाठ असले की गाइडशिवायही निम्मं शहर उलगडतं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आफोंसो दि आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून हे शहर जिंकून घेतलं. तो सेंट कॅथरीनचा सण होता, म्हणून तिच्या नावाचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, उभं राहिलं आणि पुढे कॅथेड्रलही तिलाच अर्पण झालं. १५६० साली इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकलं. सततच्या साथींना कंटाळून विजरईने आपलं राहतं ठिकाण आधी १६९५ मध्ये पणेलीला आणि मग १७५९ मध्ये पणजीला हलवलं. चौथा सन १८३५. त्या सुमारास ख्रिस्ती धार्मिक संघांना पोर्तुगीज राज्यातून बाहेर काढलं गेलं आणि त्यांचे मठ ओस पडले. एखादी इमारत का पडली असा प्रश्न जुन्या गोव्यात पडला, तर बहुतेक वेळा उत्तर १८३५ पाशी सापडतं.

जाण्याची सोय सोपी आहे. पणजीहून अंतर साधारण दहा किलोमीटर. कदंबच्या आणि खासगी बसगाड्या सतत असतात, फोंड्याला जाणाऱ्याही चालतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी हे सर्वांत जवळचं स्टेशन, मांडवी एक्स्प्रेस तिथे थांबते. स्वतःची गाडी असेल तर हमरस्ता सोडून रायबंदरच्या नदीकाठच्या रस्त्याने या. पणजी ते रायबंदर हा बांध लिन्यारेसच्या काउंटने १६३३-३४ मध्ये घातला. तीन किलोमीटरच्या या रस्त्यावरून आजही वाहतूक चालते. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला मांडवी. जुनी राजधानी नदीच्या जिवावर कशी जगत होती ते इथे कळू लागतं.

पिशवीत पाण्याची मोठी बाटली, छत्री किंवा टोपी आणि सुटे पैसे ठेवा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. ही चालती-बोलती प्रार्थनास्थळं आहेत, आणि आपल्या देवळात आपण जे पाळतो तेच इथेही पाळायचं. एक वस्तू मात्र बहुतेक लोक विसरतात, ती म्हणजे छोटी दुर्बीण. झेवियरचं शव असलेली चांदीची पेटी बरीच उंचावर ठेवलेली आहे आणि वेदींवरचं कोरीव काम छतापर्यंत चढत जातं. नुसत्या डोळ्यांनी तिथे सोनेरी चमक दिसते, दुर्बिणीतून चेहरे दिसतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना वही-पेन्सिल द्या.

क्रम कसा लावायचा? पूर्वी नवा विजरई नदीतून यायचा, धक्क्यावर उतरायचा आणि कमानीखालून शहरात शिरायचा. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीच्या धक्क्याकडे पाठ करून उभे राहिलात की समोर विजरईची कमान दिसते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा विजरई असताना ती उभारली गेली, म्हणून कमानीवर वास्कोचा पुतळा आहे. १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. पुढे डावीकडे सेंट कॅजेटनचं चर्च लागतं. थिएटाइन संघाच्या इटालियन पाद्र्यांनी रोमच्या सेंट पीटरचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून ते बांधलं. त्याच्याच आवारात काळ्या दगडाची एक चौकट एकटी उभी आहे. आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा म्हणून ती ओळखली जाते. खांबांची घडण पाहा, ती थेट आपल्याकडच्या देवळांच्या वळणाची आहे. पोर्तुगीजांच्या आधीच्या शहराचं जमिनीवर याखेरीज फारसं काही शिल्लक नाही, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त थांबा.

सी कॅथेड्रल सकाळीच गाठा, कारण त्याचं तोंड पूर्वेला आहे आणि ऊन दर्शनी भागावर पडतं. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. दर्शनी भाग एका बाजूला लंगडा वाटतो, कारण उजवीकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. नाव तिच्या नादावरून पडलं. आत गेल्यावर थेट मुख्य वेदीकडे जाऊ नका, दोन्ही बाजूंची कपेलं एकेक करून पाहा.

शेजारीच आसिसच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च. गोव्यातलं एकच चर्च निवांत बघायला सांगितलं तर मी हेच निवडीन. आजची इमारत १६६१ ची, पण दरवाजा जुन्या, १५२१ च्या चर्चचा तसाच ठेवला आहे. गडद दगडाचा, दोरखंडासारखे पीळ असलेला हा दरवाजा म्हणजे दर्यावर्दी पोर्तुगालची खास मॅन्युएल शैली. आत शिरलात की खाली बघा. सगळी फरशी थडग्यांच्या शिळांची आहे. एकेका शिळेवर घराण्याचं चिन्ह, कुठे शिरस्त्राण, कुठे कवटी आणि खाली लॅटिन लिपीत नाव. पावलांनी काही अक्षरं पुसट झाली आहेत, काही अजून बोटाने वाचता येतील इतकी खोल आहेत. मुलांची वही इथे काढा.

चर्चला लागूनच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तळमजल्यावर वीरगळ, सतीशिळा, देवांच्या मूर्ती. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि विजरईंची चित्रं ओळीने लावलेली. ही मालिका गव्हर्नर जुआंव दि कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू करवली. आल्बुकर्क आणि कवी कामोइश यांचे ब्राँझचे पुतळेही इथेच आहेत. वीरगळ वाचायची सवय असलेल्या मराठी माणसाचा पाय तळमजल्यावरच जास्त रेंगाळतो, आणि रेंगाळू द्यावा. मागच्या बाजूला सेंट कॅथरीनचं छोटं कपेल आहे. आल्बुकर्क या ठिकाणच्या दरवाजातून शहरात शिरला, असं सांगणारा शिलालेख तिथे आहे.

जेवणानंतर बॉम जेझूस. १५९४ मध्ये पाया, १६०५ मध्ये अर्पण. बाहेरून उघडा जांभा दिसतो, पण मुळात त्यावर गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला. त्या तांबड्या रंगावर आपण सगळे लुब्ध असलो तरी दरवर्षीच्या पावसाने दगड झिजतो, आणि गिलावा परत करावा का यावर गोव्यात गंभीर चर्चा चालू आहे. फोटो काढण्याआधी भिंतीजवळ जाऊन दगडाची चाळण पाहा, म्हणजे ती काळजी पटेल. दर्शनी भागावरचं काळ्या दगडाचं कोरीव काम मात्र टणक आहे. तो दगड वसईहून आणलेला.

आत उजव्या हाताला झेवियरचं कपेल. मृत्यू १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, शव १५५४ मध्ये गोव्यात. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, फ्लोरेन्सच्या फोजिनीचं काम, १६९८ मध्ये इथे बसवलेला. आता दुर्बीण काढा. चौथऱ्यावरच्या ब्राँझच्या पट्ट्यांत संताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, त्यांतला बेटावरच्या मरणाचा प्रसंग शोधा. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून शवप्रदर्शन होतं, मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. इथे ‘ममी’ वगैरे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. गोंयकारांचा हा गोंयचो सायब, म्हणजे गोव्याचा धनी आहे, आणि त्याच्यापुढे हिंदूही हात जोडतात. त्याचबरोबर इन्क्विझिशन गोव्यात आणा असं पोर्तुगालच्या राजाला लिहिणाऱ्यांत हाच झेवियर होता, हेही ठाऊक असू द्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांभाळूनच इथे उभं राहावं लागतं. धर्मन्यायालयाची इमारत आज शिल्लक नाही. मराठ्यांच्या इतिहासातही या जागेचा उल्लेख येतो. १६८३ मध्ये संभाजी महाराज जुवें बेटापर्यंत येऊन थडकले तेव्हा विजरई काउंट दि आल्व्होर याने आपला राजदंड याच शवापुढे ठेवून शहर वाचवण्याची प्रार्थना केली.

उन्हं कलली की पश्चिमेची टेकडी चढा. सांता मोनिका हा पूर्वेकडचा पहिला जोगिणींचा मठ, आणि त्यात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये राशोल सेमिनरीत सुरू झालं, २००२ मध्ये इथे आलं. तिकीट काढावं लागतं, आणि त्या पैशांचं चीज होतं. हस्तिदंती बाळयेशू, चांदीची भांडी, लाकडी संत. कामं ख्रिस्ती, पण हात इथल्या सोनारांचे आणि सुतारांचे. कपड्याची चुणी, कमळाची पाकळी, डोळ्यांचा आकार यांत ते हात ओळखू येतात. या संग्रहालयाला एक तास द्याच, आणि कुठल्या वारी बंद असतं ते आधी फोनवर विचारून ठेवा.

समोर सेंट ऑगस्टीनचा भग्न मनोरा. मूळ उंची सुमारे ४६ मीटर. मठ ओस पडल्यावर १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा. घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली, अजून तिथेच वाजते. या अवशेषांतून जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. १६२४ मध्ये तिला इराणमध्ये मारण्यात आलं आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अस्थी गोव्यात आणल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून ओळख पटली आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतला काही भाग जॉर्जियाला दिला. शिल्लक भिंतींच्या तळाशी रंगीत फरशांचे तुकडे दिसतील, त्यांवर पाय देऊ नका. टेकडीच्या टोकाला रोझरीचं छोटं चर्च आहे. आतल्या कातारीना आ पिरो हिच्या स्मारकावर चक्क गुजराती धाटणीची नक्षी आहे.

घरातली वयस्कर मंडळी बरोबर असतील तर खालचा चौक त्यांना सहज झेपतो, चढावाच्या ठिकाणी गाडीने न्या. हात कातरो खांब मात्र सगळ्यांना दाखवा. कदंबकालीन देवळाचा वाटावा असा हा काळा खांब, पोर्तुगीज काळात गुन्हेगारांना बांधून शिक्षा देण्यासाठी वापरलेला. तो रस्त्यालगत आहे, गाड्या शेजारून भरधाव जातात, माहिती नसेल तर नजरेतून निसटतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरा. तिथल्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, पण लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेऊन वाचवलं गेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सुरू करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आणि ‘श्री शिवराज्ञा’ ही अक्षरं आहेत. दिवाडीच्या पलीकडच्या टोकाहून नार्व्याला दुसरी फेरी मिळते. चारचाकी नेणार असाल तर फेरीत जागा मर्यादित असते हे धरून चाला, दुचाकी जास्त सोयीची. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून घ्या.