इंटिरिअर डिझाइन शिकायला निघालेल्यांसाठी : सुरुवात घरातल्या माणसांपासून

इंटर्नशिपसाठी येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. ऑटोकॅड येतं, स्केचअप येतं, आता रेंडर, म्हणजे खोलीचं फोटोसारखं दिसणारं चित्र, कशात करायला शिकू? शिकायलाच हवं, कारण ऑफिसात पहिल्या दिवसापासून तेच काम हातात पडतं. पण सॉफ्टवेअर सहा-आठ महिन्यांत हाताला बसतं. माणसं आपल्या घरात कशी वावरतात, कुठे टेकतात, कुठे चिडचिडतात हे बघायची नजर मात्र मुद्दाम कमवावी लागते, आणि मला विचाराल तर या व्यवसायात टिकायचं ते तिच्या जोरावर. माणूस घराला जसा आकार देतो तसं घरही त्याला रोज थोडंथोडं घडवत असतं, यावर माझा पक्का विश्वास आहे.

शिक्षणाचं आधी उरकून घेते. बारावीनंतर इंटिरिअरचा डिप्लोमा करता येतो किंवा पदवी घेता येते. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इंटिरिअर डेकोरेशनचा विभाग आहे, प्रभादेवीला रचना संसद आहे, अहमदाबादला सेप्ट विद्यापीठ आहे. आर्किटेक्ट व्हायचं तर वाट वेगळी : नाटा ही प्रवेशपरीक्षा, पाच वर्षांची पदवी आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंटिरिअर डिझायनरला अशा परवान्याची सक्ती नाही, त्यामुळे जबाबदारी आपली आपण ओळखावी लागते. क्लायंटने कितीही आग्रह केला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. कॉलम आणि बीम यांच्याबाबत तर चर्चाच नको.

आता मुख्य काम. नव्या क्लायंटबरोबरच्या पहिल्या बैठकीत "तुमचा आवडता रंग कोणता?" असं विचारून हाती काहीच लागत नाही. मी विचारते, सकाळचा पहिला चहा कुठे बसून घेता? घरी आल्यावर किल्ल्या, पिशवी, हेल्मेट कुठे टाकता? भांडण झालं की कोण कुठल्या खोलीत जाऊन बसतं? गौरी-गणपती तुमच्याकडे बसतात का, आणि कुठे? पाहुणे मुक्कामाला येतात की चहा पिऊन जातात? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण हॉलमध्ये सोफा-कम-बेड घ्यायचा की दोन नुसत्या खुर्च्या, हे त्यावरच ठरतं.

हल्ली प्रत्येक जण मोबाइलमध्ये फोटो साठवून आणतो. ते हसण्यावारी नेऊ नका. फोटो समोर ठेवून विचारा, यातलं नेमकं काय आवडलं? पुष्कळदा कळतं की सोफ्याशी किंवा भिंतीच्या रंगाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्या फोटोतल्या टेबलावर पसारा नाही आणि खिडकीतून ऊन आलंय, एवढंच त्यांना हवं असतं. दिवसभर दहा दिशांना खेचल्या जाणाऱ्या माणसाला घरात डोळे टेकवायला एखादी मोकळी जागा लागते. मग तुमचं काम बदलतं : नवं काय आणायचं हे ठरवण्याआधी जुनं काय कुठे मावेल याचा हिशेब करावा लागतो.

म्हणून बैठकीनंतर त्यांच्या राहत्या घरी जा, तेही आवराआवर न करता बोलवायला सांगून. मोजमापं घ्याच, पण एक कागद वेगळा ठेवा आणि त्यावर पसारा जिथे साचतो त्या जागा टिपा. बेडरूममधल्या खुर्चीकडे बघा. धुवायला टाकण्याइतके मळलेले नाहीत आणि घडी करून कपाटात ठेवण्याइतके स्वच्छही नाहीत, असे कपडे त्या खुर्चीवर ढिगाने पडलेले असतात. लोक याला आपला आळस समजतात आणि रोज त्या ढिगाकडे बघून मनातल्या मनात खंतावतात. खरं तर त्या कपड्यांना घरात जागाच दिलेली नसते. वाड्यांमध्ये आणि कोकणातल्या घरांमध्ये भिंतीला लाकडी खुंट्या असायच्या. सदरा, उपरणं, पिशवी, छत्री सगळं तिथे टांगलं जायचं. फ्लॅटमध्ये बुडापासून छतापर्यंत वॉर्डरोब आले आणि खुंट्या गेल्या. मी आता प्रत्येक बेडरूममध्ये दाराआड पाच-सहा दणकट खुंट्यांची पट्टी देतेच. खर्च नगण्य, पण त्याबद्दल लोक वर्षानंतरही फोन करून सांगतात.

ओट्याचंही तसंच. बाजारात ठरून गेलेली उंची ३२ ते ३४ इंच. पण स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभं करा, कोपर वाकवायला सांगा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा येईल असं बघा. पाच फुटांच्या बाईला ३४ इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागतात. ते दुखणं ती वर्षानुवर्षं वयाच्या खात्यावर टाकत राहते. आणि हो, ही उंची मोजायच्या वेळी घरातले पुरुष "ठीक आहे, नेहमीचीच ठेवा" म्हणाले तर थांबा. ओट्याशी जे उभे राहतात त्यांनाच विचारा.

एका आजींचं घर मी नव्या मुलांना नेहमी सांगते. आयुष्य चाळीत गेलेलं. पुनर्विकासात टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला. मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर घडतंय. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं. जागा तिपटीने वाढते आणि त्याचा आनंद खराच असतो. पण चाळीतली गॅलरी हा सगळ्यांचा दिवाणखाना होता, तो जातो. या आजींना मुलाने स्वतंत्र खोली दिली होती, खिडकी, पंखा, टीव्ही सगळं होतं. तरी त्या दिवसभर कोमेजलेल्या असायच्या. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की त्यांचा दिवस दारात बसून भाजी निवडण्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलण्यात जायचा. आम्ही मुख्य दाराला बाहेरून जाळीचा सेफ्टी डोअर बसवला, म्हणजे आतलं दार उघडं ठेवता येईल. चपलांचं कपाट लांबट आणि १६ इंच उंच केलं, वर जाड गादी दिली, उठताना धरायला भिंतीला लाकडी दांडा लावला. शेजारी परात ठेवण्यापुरती फळी. आता समोरच्या घरातली मुलगी शाळेतून आली की आधी जाळीतून आजींना हाक मारते. त्या बैठकीचा एकही फोटो मासिकात छापण्याजोगा नाही, पण माझ्या कामातली मला सर्वांत आवडती गोष्ट तीच.

वन बीएचकेत चार माणसं राहतात तेव्हा प्रत्येकाला खोली देता येत नाही, कोपरा मात्र देता येतो. दहावीतल्या मुलीला हॉलच्या टोकाला तीन फुटांचं टेबल, डोक्यावर तिचा दिवा आणि मागे ओढता येईल असा जाड पडदा मिळाला तरी तिचा श्वास मोकळा होतो. तिथे पिनबोर्ड द्या आणि त्यावर काय लावायचं हे ती ठरवेल, असं आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. त्या वयात आपण कोण आहोत हे शोधणं चाललेलं असतं, आणि दोन बाय तीन फुटांच्या त्या बोर्डावर ते दर महिन्याला बदलताना दिसतं. घरात एकटं बसायला हक्काची जागा नसलेला माणूस मोबाइलमध्ये जाऊन बसतो, असं मला अनेक घरं बघून वाटू लागलंय.

प्रकाशावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा. आपल्याकडे छताच्या मधोमध एक पांढराशुभ्र दिवा लावला की काम झालं, अशी समजूत आहे. तो दिवा बहुतेक वेळा ६५०० केल्विनचा असतो, म्हणजे दुपारच्या आभाळासारखा निळसर पांढरा. केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप, आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळसर. संध्याकाळनंतर असा प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं. झोपायच्या खोलीत आणि बैठकीत २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे, तेही एका ठिकाणी झगझगाट करण्याऐवजी तीन-चार जागी विखुरलेले आणि डोळ्यांच्या पातळीच्या आसपास. ओट्यावर ४००० चालतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा, बघायची सवय लावून घ्या. तो नव्वदच्या वर असेल तर कोथिंबीर हिरवी दिसते, पैठणीचा जांभळा जांभळाच राहतो आणि आरशात चेहरा आजारी वाटत नाही. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन दोन-तीन प्रकारचे दिवे विकत आणा, आपल्या घरी एका भिंतीवर आळीपाळीने लावून बघा. घरातली माणसं कुठल्या दिव्याखाली हळू आवाजात बोलू लागतात याकडे लक्ष ठेवा.

खिडकीपुढे उंच फर्निचर ठेवू नका, हे सांगताना क्लायंटला पुरावा हवा असेल तर रॉजर उलरिक यांचा १९८४ साली 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास सांगा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. समोर झाड नसेल तर कठड्याला तुळस, गवती चहा, मनी प्लँट, जे जगेल ते लावा. पलंगावरून किंवा खुर्चीवरून ते दिसतंय ना, एवढं पाहा.

देवघराबद्दल कुणी वर्गात शिकवत नाही. पूजा बसून करतात की उभ्याने, यावर त्याची उंची ठरते. समईची काजळी आणि धग यांमुळे वरचं लॅमिनेट काळवंडतं, फुगतं. तिथे दगड किंवा टाइल घाला. गणपतीत मखर बसणार त्या भिंतीशी प्लग पॉइंट ठेवा, आणि तिथलं फर्निचर दोघांना सहज हलवता येईल असं करा. वास्तुशास्त्राचा विषय निघाला तर वाद घालू नका. आधी ऊन, वारा आणि वावर यांचा आराखडा पक्का करा आणि त्यात त्यांची श्रद्धा जितकी बसेल तितकी मनापासून बसवा. ज्या घरात आपल्या श्रद्धेचा मान राखला गेलाय तिथे माणूस निर्धास्त झोपतो.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत मी हट्टी आहे. आजीचं फडताळ, सागवानी घडवंची, पितळी डबे, काहीतरी एक नव्या घरात यायलाच हवं. नव्याकोऱ्या भिंतींमध्ये माणूस सुरुवातीला बुजतो. लहानपणी हाताळलेला घडवंचीचा गुळगुळीत कोपरा त्याला सावरतो. मात्र सगळंच आणू देऊ नका, नाहीतर घराचं गोदाम होतं. "यातलं एकच न्यायचं असेल तर काय न्याल?" असं विचारा आणि गप्प राहा. उत्तर देताना लोक जे सांगतात त्यातून घरातला पुढचा रंग, लाकूड, कापड सगळं सुचत जातं.

सामानाचं ज्ञान साइटवरच येतं. सुताराच्या शेजारी उभे राहा. पाणी लागणाऱ्या जागी आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलाच प्लाय वापरा. १९ मिलिमीटरच्या फळीवर पुस्तकं ठेवायची तर दोन आधारांमधला गाळा अडीच फुटांपेक्षा जास्त नको, झोळ पडतो, आणि मराठी घरात दिवाळी अंकांचे गठ्ठे धरून वजन बरंच होतं. पुण्यात असाल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि बोहरी आळी पायी फिरून या. दुकानदार कमिशन देऊ करतील. ते घेतलंत तर क्लायंटसाठी वस्तू निवडताना तुमची नजर स्वच्छ राहणार नाही. आपली फी आधीच लेखी ठरवा आणि दुकानातून मिळणारी सूट क्लायंटच्या बिलात दिसू द्या.

पोर्टफोलिओत वीस रेंडर पाठवण्यापेक्षा एक खरं घर पाठवा, स्वतःचं राहतं घर असलं तरी चालेल. त्याचा मोजून काढलेला नकाशा, घरातलं कोण कुठल्या वेळी कुठे बसतं याच्या खुणा, पसारा साचण्याच्या जागा, त्यावर तुम्ही सुचवलेले दोन-तीन बदल आणि त्यांचा खर्च. बदल प्रत्यक्षात केले असतील तर काही महिन्यांनंतरचे, न आवरलेल्या घराचे फोटो जोडा. मुलाखतीत मी सगळ्यात आधी तेच उघडून बघते.