धूळ, तेल, गंधकाची हवा असेल तिथे स्विचचे कॉन्टॅक्ट कसे डिझाइन करायचे

स्विचने दगा दिला की सगळे धुळीला शिव्या घालतात, पण डिझाइनला बसताना आधी हे बघा की कॉन्टॅक्टमधून, म्हणजे आतल्या एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमधून, करंट किती जाणारे. तोच चांदीचा कॉन्टॅक्ट २३० व्होल्टला २ अँपिअरवर मस्त चालतो आणि ५ व्होल्ट, १ मिलीअँपिअरच्या इनपुटवर रडवतो. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने चांदी काळी पडते, मोठ्या लोडला ठिणगी तो थर जाळून टाकते, बारक्या सिग्नलमध्ये तेवढा दमच नसतो.

म्हणून बारक्या सिग्नलला सोनं. पण चांदीवर थेट पातळ मुलामा मारला तर त्याच्या छिद्रांतून खालचा काळा थर वर पसरतो, मध्ये निकेल हवंच. आणि टेस्टिंगच्या नादात कुणी त्यावर एकदा जरी मोठा लोड चालवला तर सोनं उडालं समजा. चांदीच वापरायची असेल तर रेझिस्टर लावून २४ व्होल्टवर निदान १० मिलीअँपिअर तरी वाहू द्या.

धुळीसाठी आकार महत्त्वाचा. स्प्रिंगच्या पट्टीला टोकाशी चीर देऊन दोन वेगळे कॉन्टॅक्ट करा, कण एकाखाली अडकला तरी दुसरा टेकतो, हजारात एकदा चुकणारा कॉन्टॅक्ट हिशोबाने दहा लाखांत एकदा चुकेल, अर्थात हे सुट्या कणांपुरतंच, तेलाचा थर दोघांवर सारखाच बसतो. त्यासाठी दाब वाढवा आणि बंद होताना थोडं घासून सरकू द्या, पण जास्त घासलं तर मुलामाच झिजतो.

सील करताना सिलिकॉन सीलंट किंवा ग्रीस जवळपाससुद्धा नको! त्याची वाफ ठिणगीत जळून कॉन्टॅक्टवर सिलिका बसते, म्हणजे काचेसारखं इन्सुलेशनच. आणि आयपी६७ (धूळ आत जात नाही, थोडा वेळ पाण्यात बुडलं तरी चालतं असा दर्जा) बघून निर्धास्त होऊ नका, डबी गरम-थंड होताना श्वास घेते आणि सीलमधल्या बारीकशा फटीतूनही हळूहळू ओल आत ओढते.

फारच घाण असेल तर मी सरळ रीड स्विच घेतो, पट्ट्या काचेच्या नळीत बंद, बाहेरून चुंबक जवळ आला की टेकतात. फक्त लोखंडाचा चुरा उडत असेल तिथे चुंबकावर तोच गोळा होतो, मग झाकण आलं, साफसफाई आली.

टेस्ट करताना साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका, त्याच्या व्होल्टेजनेच पातळ थर फुटतो आणि रीडिंग छान येतं. ओपन सर्किटला, म्हणजे टोकं कशालाच जोडलेली नसताना, २० मिलीव्होल्टच्या वर न जाणारा मिलीओम मीटर (अगदी बारीक रोध मोजणारा) घ्या, आणि एकदाच नाही, शंभरेक वेळा उघडबंद करून प्रत्येक वेळी मोजा.