आपण निर्णय कसे घेतो याचं गणित: एक्सेलमध्ये स्वतःचं मॉडेल कसं बनवायचं

नवीन मोबाईल घेताना काउंटरवरचा पोरगा शेवटी हमखास विचारतो, "सर, स्क्रीनचा प्लॅन टाकू का, फक्त ४९९ आहे." आणि आपण दोन सेकंदात हो किंवा नाही म्हणून मोकळे होतो. त्या दोन सेकंदात जे काही झालं ते आकड्यांत मांडता येतं. अकरावीपर्यंतचे घातांक आणि लॉग आठवत असतील तर बास, एक्सेल असो की गूगल शीट्स, काहीही चालेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करून टाकू: आपण "काय करायला हवं" ते काढत नाहीये, "माणूस काय करेल" ते काढतोय. या दोन्हीचे कॉलम वेगळे ठेवा, ते एकत्र झाले की पुढे सगळा गोंधळ.

पायरी १: आधी साधा हिशोब

प्रत्येक पर्यायाचे दोन आकडे लिहा, रक्कम आणि ती येण्याची किंवा जाण्याची शक्यता. समजा वर्षभरात स्क्रीन फुटायची शक्यता ५ टक्के आहे आणि रिपेअरला ७००० लागतात. गुणाकार केला की ३५०. म्हणजे ४९९ देणं हा सरळ सरळ तोट्याचा व्यवहार, आणि तरीही लोक देतात, आणि ते काही वेडे नसतात. नुसत्या सरासरीने माणसाचं वागणं सांगता येत नाही हे १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने दाखवलं होतं. पण तो माणसाच्या एकूण संपत्तीवरून हिशोब करत होता. आपण काउंटरवर उभं राहून बँक बॅलन्सचा विचार थोडीच करतो, खिशातून आत्ता किती जाणार एवढंच बघतो. नेमका हाच मुद्दा धरून डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्रॉस्पेक्ट थिअरी मांडली आणि १९९२ मध्ये ती सुधारली. आपण तीच वापरणार आहोत.

पायरी २: रकमेचं "वाटणं" काढा

रकमेला ०.८८ चा घात द्या. हजारानंतरचे पुढचे हजार पहिल्याइतके जाणवत नाहीत, ते या घातामुळे हिशोबात येतं. तोटा असेल तर आलेल्या उत्तराला आणखी एका आकड्याने गुणा आणि मायनस लावा. हा आकडा म्हणजे लॅम्डा, तोटा फायद्याच्या किती पट टोचतो ते.

१९९२ च्या पेपरात लॅम्डा २.२५ आला होता. पण तो बर्कली आणि स्टॅनफर्डच्या २५ पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थ्यांवरून काढलेला आहे, त्यामुळे साताऱ्याच्या तुमच्या काकांना तो जसाच्या तसा चिकटवू नका. स्वतःचा काढा, सोपं आहे. नाणेफेक समजा: काटा आला तर १००० गेले, छापा आला तर किती मिळाले तर खेळाल? १००० पासून सुरू करून १२००, १५००, २०००, २५०० असं वर जा आणि "नाही" चं "हो" कुठे होतं ते बघा. २००० ला झालं तर गुणोत्तर २, त्याचा ०.८८ घात १.८४, हा तुमचा लॅम्डा. २५०० च्या आसपास झालं तर तुम्ही २.२५ वाले. दुसऱ्याला विचारत असाल तर रकमा उलट्यासुलट्या क्रमाने विचारा, नाहीतर माणूस मधला आकडा बघून देऊन टाकतो.

पायरी ३: शक्यता वाकवा

खरी गंमत इथे आहे. ५ टक्के आपल्याला ५ टक्के वाटतच नाहीत, छोट्या शक्यता फुगतात आणि मोठ्या आकसतात. शक्यता किती वाकते ते ठरवणाऱ्या आकड्याला गॅमा म्हणू. फॉर्म्युला असा: शक्यतेचा गॅमा घात हा अंश. छेदासाठी शक्यतेचा गॅमा घात आणि उरलेल्या शक्यतेचा (१ वजा शक्यता) गॅमा घात यांची बेरीज करा, आणि त्या बेरजेला १ भागिले गॅमा एवढा घात द्या. फायद्यासाठी गॅमा ०.६१, तोट्यासाठी ०.६९.

टाकून बघा. फायद्याच्या बाजूला १ टक्का होतो साधारण ५.५ टक्के (लॉटरीवाल्यांचं घर यावरच चालतं), आणि ९९ टक्के होतात ९१. तोट्याच्या बाजूला आपले ५ टक्के होतात ११.

आता मोबाईलवर परत या. ७००० चा ०.८८ घात साधारण २४१९, त्याला ०.१११४ ने गुणलं की जवळपास २६९.५. आता ही "वाटणारी" किंमत परत रुपयांत आणायची, म्हणजे १ भागिले ०.८८ चा घात द्यायचा. उत्तर येतं ५७८ च्या आसपास. खरा हिशोब ३५० चा, माणूस द्यायला तयार ५७८ पर्यंत, आणि प्लॅन ४९९ चा, बरोब्बर दोन्हीच्या मधे! दोन्हीकडे तोटाच असल्यामुळे लॅम्डा इथे कटतो, म्हणून मी तो घेतलाच नाही.

पायरी ४: हो-नाही ऐवजी शक्यता द्या

तोच माणूस तोच प्रश्न सोमवारी हो म्हणेल, गुरुवारी नाही. म्हणून मॉडेलनेही "घेईल" असं ठोकून सांगायचं नाही, किती टक्के घेईल ते सांगायचं. दोन पर्यायांच्या वाटणाऱ्या किमतीतला फरक काढा, त्याला एका छोट्या आकड्याने गुणा (थीटा म्हणू), आणि मायनस लावून एक्सपी फंक्शनमध्ये टाका. आलेल्या उत्तरात १ मिळवा आणि १ ला त्याने भागा. आपल्या उदाहरणात ४९९ चा ०.८८ घात साधारण २३७, म्हणजे २६९.५ शी फरक साधारण ३३ चा आहे, थीटा ०.०३ धरला तर प्लॅन घ्यायची शक्यता ७३ टक्के निघते. यालाच लॉजिट म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू व्हायच्या आधी किती लोक तिने जातील याचा अंदाज याच कुटुंबातल्या मॉडेलने काढला होता, ६.३ टक्के, आणि प्रत्यक्षात निघाले ६.२. २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पायरी ५: मॉडेल खरं ठरतंय का ते बघा

हे लोक टाळतात, आणि मग मॉडेल नुसतं दाखवायला उरतं. एखाद्या मित्राला असे ३० प्रश्न द्या, त्यातल्या २० वर आकडे बसवा आणि उरलेले १० झाकून ठेवा. प्रत्येक प्रश्नात त्याने जे निवडलं त्याला मॉडेलने किती शक्यता दिली होती, तिचा एलएन (नॅचरल लॉग) घ्या आणि सगळ्यांची बेरीज करा. ही बेरीज शून्याच्या जितकी जवळ तितकं बरं. एक्सेलचं सॉल्व्हर (आकडे बदलून बदलून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं टूल) लावून लॅम्डा, गॅमा आणि थीटा असे शोधा की बेरीज सगळ्यात जास्त येईल, पण ०.८८ तसाच राहू द्या, कारण तो आणि थीटा एकदम मोकळे सोडले तर एकमेकांची कसर भरून काढतात आणि काहीही उत्तर येतं.

मग झाकलेले १० उघडा. डोळे मिटून प्रत्येक वेळी ५० टक्के असा अंदाज केला असता तर १० प्रश्नांची बेरीज उणे ६.९३ आली असती. तुमची त्याहून वर नसेल तर मॉडेल नाणेफेकीपेक्षा भारी नाहीये, मग तिथे आकडे खुपसत बसू नका, प्रश्नच बदला.

पायरी ६: हे कुठे लावायचं नाही

शक्यता कागदावर लिहून दिली असेल तेव्हाच हे चालतं. अनुभवातून शिकलेल्या गोष्टीत उलटं होतं, दुर्मिळ गोष्ट फुगत नाही, विसरलीच जाते. पुण्यातलं हेल्मेट घ्या, रोज कोथरूड ते शिवाजीनगर काही न होता जाऊन आलेल्या माणसाला अपघाताचा टक्का सांगून उपयोग नाही. त्यासाठी वेगळी शीट करा: जुना अंदाज, अधिक ०.१ गुणिले (जे झालं वजा जुना अंदाज). झालं म्हणजे १, नाही झालं म्हणजे ०. सुरुवातीला मनात ५ टक्के भीती असेल तर सुखरूप २० फेऱ्यांनंतर ती ०.६ वर येते. एकदा घसरून पडलात की थेट साडेदहावर उडी, हेल्मेट डोक्यावर. आणि पुढच्या सुखरूप २० फेऱ्यांत परत १.३.