फ्लोरिडाच्या पाइन जंगलात फुलपाखरांवर मास्टर्स करायचंय? आधी आग समजून घ्या
आपल्याकडे वणवा म्हटलं की नुकसानच आठवतं, म्हणून इथे मास्टर्सला येणाऱ्या मराठी मुलामुलींना सुरुवातीला पटतच नाही की लोक ठरवून, परवानगी काढून जंगल पेटवतात. पण लाँगलीफ पाइनचं जंगल दोन-तीन वर्षांत एकदा जळलं नाही तर खाली ओकची झुडपं माजतात, सावली दाटते आणि जमिनीलगतची फुलझाडं जातात. फ्रॉस्टेड एल्फिन हे छोटं तपकिरी फुलपाखरू उत्तर फ्लोरिडात लुपिन नावाच्या जंगली फुलझाडावर अंडी घालतं, लुपिन गेलं की तेही गेलं. आणि लुपिन वाचवणारी तीच आग या फुलपाखराची पिल्लावळ पण जाळते. खरा अभ्यास इथे सुरू होतो.

वर्षाला एकच पिढी. मार्चच्या आसपास फुलपाखरं उडतात, सुरवंट लुपिनची फुलं आणि शेंगा खातात, मग पालापाचोळ्यात नाहीतर मातीच्या वरच्या थरात कोष करून थेट पुढच्या वसंतापर्यंत पडून राहतात, म्हणजे वर्षातला बहुतेक काळ जागेवरून हलता येत नाही. मातीत दोनेक सेंटिमीटर खाली असलेला कोष आगीतून वाचू शकतो, नुसत्या पाचोळ्यातला वाचणं कठीण. सुरवंट झाडावर असताना पेटवलं तर त्या पट्ट्यातले जवळपास सगळे संपले.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, फक्त उडणारी फुलपाखरं मोजू नका. पोलार्ड वॉक शिका, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून सावकाश चालत आजूबाजूच्या पाच मीटरच्या पट्ट्यात दिसतील ती नोंदवायची, ते लागतंच. पण जळल्यावर फुलं वाढली की आजूबाजूची फुलपाखरं रस प्यायला येतात आणि आकडा छान दिसतो, त्यावरून तिथली पिढी वाचली असं म्हणता येत नाही. गुडघ्यावर बसा, लुपिनचा तुरा हलक्या हाताने वळवा, भिंगातून कळ्यांच्या मधे बघा, फिकट चपटं अंडं सापडेल, नंतर शेंगेला भोक आणि शेजारी हिरवा सुरवंट. पाठ दुखते, पण खरी माहिती तिथेच आहे.

दुसरं, सगळा पट्टा एकदम जळू नये यासाठी भांडा. न्यूयॉर्कच्या ऑल्बनी पाइन बुश या राखीव जंगलातलं कार्नर ब्लू हे लुपिनवरच जगणारं फुलपाखरू बघा, 1992 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे, त्याची हिवाळ्यातली अंडी जमिनीच्या वर किंवा पाचोळ्यात असतात म्हणजे मातीचं संरक्षणच नाही, तिथे तुकड्यातुकड्याने जाळणं आणि शेजारी न जळलेला लुपिन ठेवणं यावरच सगळं आहे. त्यामुळे आग लावणाऱ्या क्रूशी दोस्ती करा, त्यांचं गणित वारा आणि हवेतल्या दमटपणावर चालतं, तुमचा सुरवंट त्यांच्या कॅलेंडरवर नसतो, तो तुम्ही न्यायचा. आपलं वनखातं वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे आधीच जाळून जाळरेषा काढतं ते कधी बघितलं असेल तर निम्मी भाषा आधीच कळेल.

बर्नवर स्वतः उभं राहायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी एस-130, एस-190 हे वणव्याच्या कामाचे प्राथमिक कोर्स आणि पॅक टेस्ट लागते, 20 किलोचं ओझं घेऊन पावणेपाच-पाच किलोमीटर 45 मिनिटांत, तेही चालत, धावायचं नाही. ड्रायव्हिंग आणि आर (R, आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) हे इथे येण्याआधीच शिकून घ्या. गोचिडींसाठी पँट मोज्यात खोचा, रोज अंग तपासा.

प्रोफेसरना मेल करताना फुलपाखरं आवडतात एवढंच नका लिहू, त्यांच्या प्लॉटचा कुठल्या महिन्यात काय जळलं याचा रेकॉर्ड किती वर्षांचा आहे ते विचारा. तो नसेल तर दुसरी लॅब शोधा.