सरकारी हॅचरी पाडून नवी बांधणार? मग पर्यावरणाचे कागद असे तपासा

जुनी हॅचरी (मासे-कोळंबीची पिल्लं पैदा करायचं केंद्र) मोडकळीला आली, टाक्यांना तडे गेले, आता नवीन बांधणार असं ऐकलं की आपल्या गोव्यातल्या गावात लगेच कोणीतरी म्हणतं, "अहो तिथे आधी होतीच की, परत परवानग्या कसल्या?" हा युक्तिवाद चालत नाही. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारं पहिलं नोटिफिकेशन आलं १९९१ ला, त्याआधीची हॅचरी असेल तर तेव्हा हा प्रश्नच नव्हता, आता आहे.

पंच असा, मासे पाळणारे असा किंवा शेजारचे भाटकार (जमीनमालक), सुरुवात नकाशापासून करा. भरतीची रेषा कुठून जाते ते अधिकृत एजन्सीने आखलेल्या १:४००० च्या नकाशावर बघायचं आणि त्यावरच नव्या बांधकामाचा लेआउट चढवलेला असला पाहिजे, वेगळ्या कागदावर काढलेलं सुंदर चित्र चालणार नाही. आणि समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नदीच्या काठालाही सीआरझेड लागतो, अगदी कडक उन्हाळ्यात पाण्याची क्षारता जिथपर्यंत हजारी ५ भाग असते तिथपर्यंत. मांडवी-झुआरीचं खारं पाणी किती आत चढतं ते आपल्याला सांगायला नको. जागा खाजनात (बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीत) येत असेल तर विषय तिथेच अडतो, २०११ च्या नोटिफिकेशनमध्ये गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण आहे. (२०१९ चं नवं आहे हो, पण त्याप्रमाणे राज्याचा नकाशा मंजूर होईपर्यंत जुनंच चालतं, त्यामुळे अर्जात कुठल्या सालाचा आधार घेतलाय ते पहिल्या पानावरच तपासा.)

आता एक गैरसमज. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) नोटिफिकेशनच्या यादीत हॅचरी हा प्रकारच नाही, बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या खाली असेल तर त्या रस्त्याने मंजुरी लागत नाही. खरं आहे, पण याचा अर्थ काहीच लागत नाही असा कोणी काढला तर ऐकू नका. सीआरझेडची मंजुरी लागेल तिथे गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ, खाऱ्या पाण्यातले मासे असतील तर चेन्नईची कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटी (किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीवर देखरेख करणारी केंद्राची संस्था), तिच्या २००५ च्या कायद्यात २०२३ ला दुरुस्ती होऊन हॅचरीचा स्पष्ट समावेश झालाय. रोहू-कटल्याची गोड्या पाण्याची हॅचरी असेल तर हे शेवटचं लागू नाही. मात्र ईआयए नाही म्हणजे त्या कायद्याची जनसुनावणीही नाही, त्यामुळे कोणी बोलावेल म्हणून वाट बघू नका, ग्रामसभेत स्वतःच विषय घ्या.

खरा मुद्दा पाण्याचा. अर्जासोबतच्या रिपोर्टमध्ये वीस पानं इमारतीवर आणि दोन पाण्यावर असतील तर तो रिपोर्ट उलटा लिहिलाय असं समजा. चोणक माशाची पिल्लं वाढवायला हजारी २८ ते ३२ भाग क्षारतेचं पाणी लागतं आणि आपल्याकडे जून लागला की नदीच्या तोंडावरचं पाणीसुद्धा गोडं होत जातं, मग चार महिने हॅचरी बंद ठेवणार, आधी साठवून ठेवणार, की बोअर मारणार? बोअर म्हटलं की २००२ चा भूजल कायदा आला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या विहिरी खाऱ्या व्हायची भीती आली. याचं उत्तर लेखी मागा.

बाहेर जाणारं पाणी तर अजून वाईट, कारण ते कोणाला दिसत नाही. आत घेतलेलं पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करतात, मग थायोसल्फेट घालून क्लोरीन मारतात, वर उरलेलं खाद्य, विष्ठा, अमोनिया, कधी फॉर्मेलिन. हे सगळं गाळाच्या टाकीत थांबून जातं की थेट पाइपातून? ओहोटीला एकदा जाऊन पाइपाच्या तोंडाशी उभे राहा. पाणी खाली कुठे वळतं, तिसऱ्यो आणि खुबे (शिंपले) काढायला बायका नेमक्या कुठे वाकलेल्या असतात, पुढची मानस (खाजनाच्या बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) किती अंतरावर आहे ते डोळ्यांनी बघा. भरतीच्या वेळी पाणी सोडलं तर तेच मानशीतून आत खाजनात शिरू शकतं, त्यामुळे सोडायची वेळ ओहोटीचीच, ही अट परवान्यात लिहून घ्या, तोंडी आश्वासन नको.

नमुने कधी घेतले तेही बघा. फक्त डिसेंबरचे असतील तर अर्धीच गोष्ट कळते, एक मे महिन्यात आणि एक भर पावसात हवा, तोही पाइपाच्या वर, पाइपाशी आणि खाली असा तीन ठिकाणचा. आणि हे पाडकामाच्या आधी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

कुठली जात पैदा करणार हेही विचारा. शेवटो (आपला राज्यमासा), चोणक, काळुंदर इथलेच. व्हेनामी कोळंबी मात्र पॅसिफिककडची, ती असेल तर बाहेरच्या पाइपाला जाळी कितीची, पूर आला तर टाक्या भरून वाहून पिल्लं नदीत जाणार का, रोग आला तर पाणी निर्जंतुक करून सोडणार का, हे सगळं आलं.

पाडकामाचं थोडक्यात: छपराचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे आहेत का, मलबा कुठे टाकणार (आपल्याकडे तो शेजारच्या सखल शेतात जाऊन पडतो, माहीत आहे ना), झाडं तोडायची असतील तर १९८४ च्या कायद्याखाली परवानगी घेतली का. तसंच पर्याय काय तपासले ते विचारा, निदान दुरुस्ती, दुसरी जागा आणि तेच पाणी फिरवून वापरायची पद्धत.

फाइल मिळत नसेल तर आरटीआय टाका, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि सीआरझेडचा पूर्ण अर्ज आल्यावर किनारी प्राधिकरणाकडे तो तपासायला ६० दिवस असतात, म्हणून आधीच हलायला हवं. मंजुरीवर आक्षेप असेल तर हरित लवादाचं पुण्याचं खंडपीठ, तिथे अपिलाला मुदत ३० दिवस, उशिराचं कारण पटलं तर वर आणखी ६० दिवसांपर्यंत.

मंजुरी मिळाली की लोक फाइल कपाटात ठेवून देतात. तसं करू नका, २०११ च्या नियमाने अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि ३१ डिसेंबरला द्यावा लागतो. पावसातलं पाणी कुठे गेलं ते डिसेंबरच्याच अहवालात असणार, तर आधी तो मागा.